औषधांमुळे जनावरांच्या पेशींतील डीएनएला होणारी इजा आणि नैसर्गिक पूरक आहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यातील मराठी मंडळींपैकी काहींचे गोठे पादरा, डभोई, सावलीच्या बाजूला आहेत, काहींची मुले आणंदला पशुवैद्यकीचे शिक्षण घेत आहेत आणि बाकीचे बहुतेक रोज सकाळी दुधाची पिशवी विकत घेणारे आहेत. या सगळ्यांकडून एकच विषय निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो : औषधांनी जनावराच्या गुणसूत्रांना इजा होते का, आणि होत असेल तर हळद, आवळा, शेवगा किंवा सेलेनियमसारखे काही देऊन ती टाळता येते का? पुढील उत्तरे पशुवैद्यकाच्या दृष्टीने लिहिली आहेत. मात्रांचे जे आकडे दिले आहेत ते समज यावी म्हणून आहेत. प्रत्यक्ष जनावरासाठी मात्रा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

औषधामुळे आनुवंशिक इजा होते म्हणजे नेमके काय होते?

प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए गुणसूत्रांच्या रूपात असतो. गाईच्या आणि शेळीच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात, आपल्याकडील म्हशीच्या पेशीत ५०, मेंढीच्या ५४ आणि कोंबडीच्या ७८. औषधाने होणारी इजा ढोबळपणे तीन प्रकारची असते. डीएनएचा धागा तुटतो. धाग्यावरील एखाद्या अक्षराला रासायनिक डाग लागून पुढच्या प्रतीत चूक उतरते. किंवा धागा शाबूत राहूनही पेशी विभागताना गुणसूत्रे दोन्हीकडे सारखी वाटली जात नाहीत. डाग लागण्याचे सर्वांत परिचित उदाहरण ग्वानिन या घटकाचे आहे. क्रियाशील ऑक्सिजनने त्याचे ८-ऑक्सोग्वानिन होते, आणि प्रत काढताना पेशी ते चुकीचे वाचते.

असे डाग कोणतेही औषध न देताही रोज लागतात, आणि पेशीतील दुरुस्तीची यंत्रणा त्यातील बहुतेक काढून टाकते. दुरुस्तीच्या वेगापेक्षा इजेचा वेग वाढला, किंवा दुरुस्ती पूर्ण होण्याआधीच पेशी विभागली, तर मात्र चूक कायमची होते. म्हणूनच अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, वृषण आणि गर्भ, जिथे पेशी सतत विभागत असतात, ही ठिकाणे सर्वांत नाजूक मानली जातात.

कोणत्या औषधांबाबत ही काळजी करावी?

सगळी औषधे एकाच माळेत ओवणे बरोबर नाही. पेनिसिलिनसारखी औषधे जिवाणूच्या भित्तिकेवर काम करतात आणि जनावराच्या डीएनएशी त्यांचा फारसा संबंध येत नाही. काळजीची यादी वेगळी आहे. तिच्या अग्रभागी फुराझोलिडोनसारखी नायट्रोफ्युरान आणि मेट्रोनिडॅझोलसारखी नायट्रोइमिडॅझोल औषधे येतात. त्यांच्यातील नायट्रो गट जिवाणूच्या आत बदलतो आणि त्यातून तयार होणारे तुकडे डीएनए तोडतात. काही प्रमाणात हाच बदल जनावराच्या ऊतींतही होऊ शकतो. क्लोरॅम्फेनिकॉल याच यादीत आहे. डुकरांच्या खाद्यात वापरले जाणारे कार्बाडॉक्स आनुवंशिक इजा आणि कर्करोग या दोन्ही कारणांनी युरोपात बंद झाले.

रक्तातील परजीवींवरची काही औषधे तर मुळातच डीएनएला चिकटणारी आहेत. डिमिनाझीन डीएनएच्या अरुंद खाचेत बसते. १९५० च्या दशकात आफ्रिकेतील गुरांच्या ट्रिपॅनोसोम रोगावर होमिडियम वापरात आले. प्रयोगशाळेत डीएनए दिसावा म्हणून जे एथिडियम ब्रोमाइड हातमोजे घालून हाताळतात, तेच हे होमिडियम. आयसोमेटामिडियम त्याच्याच कुळातील आहे. याचा अर्थ सरा (ट्रिपॅनोसोममुळेच होणारा आपल्याकडील रोग) झालेल्या बैलाला इंजेक्शन देऊ नये असा मुळीच नाही. उपचार न केल्यास जनावर दगावते, आणि एकदोन मात्रांनी होणारी इजा त्या मानाने क्षुल्लक असते. अर्थ एवढाच की अशी औषधे अंदाजाने, निदान न करता, पुन्हापुन्हा देण्याची नाहीत.

अल्बेंडाझोलसारखी जंतनाशके वेगळ्या मार्गाने त्रास देतात. गुणसूत्रे ओढून नेणारे पेशीतील धागे ज्या प्रथिनाचे बनतात त्याला ती चिकटतात. त्यामुळे गाईत गर्भधारणेनंतरच्या पहिल्या ४५ दिवसांत अल्बेंडाझोल टाळावे असे सांगितले जाते. रेतन झाल्याची तारीख वहीत नसेल तर हा सल्ला पाळणेच अशक्य होते, हे वेगळे.

इजा झाली आहे हे मोजतात कसे?

दोन पद्धती सर्वाधिक वापरल्या जातात. पहिलीचे नाव कॉमेट चाचणी. रक्तातील पेशी अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात काचपट्टीवर बसवतात, क्षार आणि साबणासारख्या द्रावणाने पेशीचे आवरण विरघळवतात, मग तीव्र अल्कलीत ठेवून वीजप्रवाह सोडतात आणि शेवटी रंग देऊन प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर शाबूत पेशी गोल, घट्ट आणि काठ स्पष्ट असलेला ठिपका दिसते. जिचा डीएनए तुटलेला आहे तिचे तुकडे प्रवाहाबरोबर एका बाजूला वाहत गेलेले असतात आणि ठिपक्याला शेपूट फुटलेली दिसते. शेपटीत किती टक्के डीएनए गेला ते संगणकावर मोजतात. उंदीर-घुशींवरील चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रात प्रत्येक नमुन्यातील किमान १५० पेशी मोजाव्यात असे आहे, कारण दहा-वीस पेशी पाहून काढलेला निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा असू शकतो.

दुसरी पद्धत सूक्ष्मकेंद्रक चाचणी. गुणसूत्राचा तुटलेला तुकडा किंवा मागे राहिलेले अख्खे गुणसूत्र पेशी विभागल्यावर मुख्य केंद्रकाबाहेर पडते आणि त्याच्याभोवती छोटे वेगळे केंद्रक तयार होते. गाईच्या बाबतीत रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, ४४ तासांनी असे रसायन घालतात की केंद्रक विभागते पण पेशी फुटत नाही, आणि ७२ तासांनी दोन केंद्रके असलेल्या पेशींत अशी लहान केंद्रके मोजतात. कोंबडीत काम सोपे होते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींतही केंद्रक असते, त्यामुळे पंखाच्या शिरेतील एक थेंब रक्त काचपट्टीवर पसरून रंगवले, की लांबट केंद्रकाशेजारी बसलेला तो बारीक गोल ठिपका थेट शोधता येतो. विद्यार्थ्यांनी या ठिपक्याला रंगाच्या कणापासून वेगळे ओळखायला शिकावे; नवख्या डोळ्याची बहुतेक चूक तिथेच होते.

नैसर्गिक घटक पेशीचे रक्षण कोणत्या मार्गाने करतात?

जीवनसत्त्व ई पेशीच्या आवरणातील स्निग्धाचे ऑक्सिडीकरण थांबवते आणि त्या साखळीतून निघणारे, डीएनएपर्यंत पोहोचणारे पदार्थ कमी होतात. सेलेनियम स्वतः काही विझवत नाही. ते ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा (एन्झाइमचा) भाग असते आणि ते विकर पेरॉक्साइडचे विघटन करते. १९७३ साली हा संबंध उघड झाला आणि एकेकाळी केवळ विष मानले गेलेले सेलेनियम आवश्यक घटक का आहे, ते समजले. तांबे, जस्त आणि मँगनीज सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकरात लागतात. जस्त दुरुस्तीच्या काही प्रथिनांनाही लागते. फोलेट आणि बी-१२ कमी पडले तर डीएनए बांधताना चुकीचे अक्षर बसते आणि धागा तुटतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटातील (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) जिवाणू बी-१२ स्वतः तयार करतात, पण त्यासाठी चाऱ्यात कोबाल्ट असावे लागते.

हळदीतील कर्क्युमिन, हिरव्या चहातील कॅटेचिन, कांद्याच्या सालीतील क्वर्सेटिन, डाळिंबातील इलॅजिक आम्ल यांचा मार्ग जरा वेगळा आहे. ते क्रियाशील ऑक्सिजन थोडाफार विझवतात, लोह-तांब्याचे मोकळे आयन बांधतात आणि पेशीची स्वतःची बचावाची विकरे वाढवतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ज्या औषधाची इजा ऑक्सिडीकरणातून होते, तिच्यावरच या सर्व घटकांचा परिणाम दिसण्याची शक्यता असते. जे औषध थेट डीएनएच्या खाचेत बसते किंवा गुणसूत्रे ओढणाऱ्या धाग्यांना धरते, त्याला जीवनसत्त्व ई फारसे अडवू शकत नाही.

प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम गोठ्यातही दिसेल का?

बहुतेक वेळा तितका दिसत नाही, आणि बाजारातील जाहिराती नेमक्या या ठिकाणी वाचकाला फसवतात. काचेच्या पात्रात पेशींवर औषध आणि कर्क्युमिन एकत्र ओतले तर कर्क्युमिन पेशीपर्यंत पोहोचते हे नक्की असते. गाईच्या बाबतीत त्याला आधी कोटीपोटातून जावे लागते. तिथले कोट्यवधी सूक्ष्मजीव वनस्पतिजन्य रंगद्रव्ये आणि पॉलिफेनॉल बदलून टाकतात, टॅनिन प्रथिनांना बांधले जाते, आणि बाहेरून दिलेले क जीवनसत्त्व बरेचसे तिथेच नष्ट होते. उरलेले आतड्यात शोषले गेले तरी यकृत त्यातील बराच भाग लगेच दुसऱ्या रूपात बदलून बाहेर टाकते. माणसातही कर्क्युमिनचे शोषण फारच कमी होते. १९९८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात काळ्या मिरीतील पायपेरिनबरोबर दिल्यावर माणसाच्या रक्तातील त्याची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली, यावरून मूळची पातळी किती कमी असावी याची कल्पना येते.

दुसरा फरक मात्रेचा. पात्रातील पेशींना दिलेली तीव्रता रक्तात कधी येतच नाही. तिसरा फरक तुलनेचा. पुष्कळ प्रयोगांत आधीच उणीव असलेली जनावरे घेतलेली असतात. त्यांची उणीव भरून निघाल्यावर इजा कमी झाली तर ते श्रेय पोषणाचे असते, आणि चांगले खाणाऱ्या जनावराला तेच दिल्यावर काहीच फरक पडत नाही.

दूध पिणारी लहान वासरे आणि कोंबड्या या बाबतीत वेगळ्या आहेत. वासराने दूध ओढून पिताना अन्ननलिकेची खाच बंद होऊन दूध कोटीपोट टाळून पुढे जाते, त्यामुळे दुधातून दिलेला घटक तुलनेने शाबूत पोहोचतो. कोंबडी क जीवनसत्त्व मूत्रपिंडात स्वतः तयार करते, पण वडोदऱ्याच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की ते तिला अपुरे पडते आणि तेव्हा खाद्यातून दिलेल्या क जीवनसत्त्वाचा उपयोग होतो.

मग दुभत्या गाई-म्हशींना प्रत्यक्षात काय द्यावे?

सर्वांत आधी हिरवा चारा. ताज्या लसूणघासात, ज्याला इकडे रजको म्हणतात, बीटा कॅरोटीन आणि जीवनसत्त्व ई भरपूर असते. तोच चारा उन्हात वाळला की जीवनसत्त्व ई झपाट्याने कमी होते, आणि गव्हाच्या भुशात किंवा भाताच्या पेंढ्यात ते जवळजवळ नसते. त्यामुळे चैत्रापासून पहिल्या पावसापर्यंत, जेव्हा वाळलेल्या चाऱ्यावरच गोठा चालतो आणि उष्णतेचा ताण असतो, तेव्हा उणीव सर्वांत जास्त असते. शेवग्याचा पाला त्या दिवसांत उत्तम पर्याय आहे, कारण त्यात प्रथिनेही चांगली असतात.

जीवनसत्त्व ई साठी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ साली दुभत्या गाईला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे ०.८ आंतरराष्ट्रीय एकक आणि भाकड काळात त्याच्या दुप्पट अशी शिफारस केली. म्हणजे ४०० किलोच्या गाईला दुधात असताना साधारण ३२० एकके आणि विण्याच्या आधीच्या काळात साधारण ६४० एकके. सेलेनियमची शिफारस खाद्याच्या कोरड्या वजनातील प्रत्येक किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. दिवसाला बारा किलो कोरडा भाग खाणाऱ्या गाईला याप्रमाणे चार मिलिग्रॅमही लागत नाही, चिमटीभर तर दूरच. म्हणून सेलेनियम स्वतंत्र पुडीतून कधीही देऊ नये. भारतीय मानक चिन्ह असलेले खनिज मिश्रण, आणि मिळत असेल तर आपल्या भागासाठी तयार केलेले, रोज देणे एवढे पुरेसे आहे. आठ दिवस द्यायचे आणि महिनाभर विसरायचे, या पद्धतीने पैसे वाया जातात.

हळद रोज गुळातून दिली तर चालेल का?

थोड्या प्रमाणात दिल्यास अपाय नाही, पण तिच्याकडून डीएनएच्या रक्षणाची अपेक्षा ठेवू नये. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असते आणि गाईत त्यातील किती रक्तात येते ते वर सांगितलेच आहे. एक दक्षता मात्र आवर्जून घ्यावी : सुटी, भडक पिवळी हळद पूड घेऊ नये. पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेटची भेसळ केल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. त्यात शिसे तर असतेच, शिवाय सहा संयुजेचे क्रोमियम असते, आणि ते स्वतःच डीएनएला इजा करणारे आहे. हळकुंडे आणून घरी दळावीत.

नैसर्गिक आहे म्हणून जास्त दिले तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. सेलेनियमची आवश्यक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. खाद्यात प्रति किलो ५ मिलिग्रॅमच्या पुढे दीर्घकाळ गेल्यास खूर सोलवटणे, शेपटीचे केस झडणे आणि लंगडणे सुरू होते. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त असल्याने जनावरांना हा त्रास होतो, तिथे पूरक सेलेनियम देणे म्हणजे आगीत तेल. बीटा कॅरोटीनची गोष्ट माणसांतून शिकण्यासारखी आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिल्यावर १९९४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारे असे घटक, विशिष्ट परिस्थितीत उलटे वागतात, विशेषतः मोकळ्या लोहाच्या सोबतीने.

आणि वनस्पती म्हणजे निरुपद्रवी हा समज आपल्या अंगणातील सदाफुलीच खोटा ठरवते. विन्क्रिस्टीन हे कर्करोगावरील औषध तिच्यातूनच मिळते, आणि ते गुणसूत्रे वाटणाऱ्या धाग्यांनाच बंद पाडते.

औषधाचा कोर्स चालू असताना पूरक आहार थांबवावा का?

नेहमीचे खनिज मिश्रण आणि चारा चालू ठेवावा, पण तोंडाने दिल्या जाणाऱ्या काही औषधांच्या बाबतीत वेळ सांभाळावी. ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि जस्त यांना बांधली जातात आणि त्यांचे शोषण घटते. वासराला किंवा कोंबड्यांना ही औषधे तोंडाने देताना मधे काही तासांचे अंतर ठेवावे. पायपेरिन असलेली मिश्रणे कोर्सच्या दिवसांत बंद ठेवावीत, कारण पायपेरिन यकृतातील औषध मोडणाऱ्या विकरांना मंद करते आणि औषध शरीरात अपेक्षेपेक्षा जास्त काळ राहू शकते. ज्या औषधांचे काम ऑक्सिडीकरणावरच अवलंबून असते, त्यांच्या सोबत अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस दिल्यास रोगजंतूचेच रक्षण होण्याचा धोका असतो.

पूरक आहार दिला तर दूध लवकर वापरता येते का?

नाही. औषध दुधातून जाण्याचा काळ औषधावर, मात्रेवर आणि देण्याच्या मार्गावर ठरतो. भारतीय औषध नियमांनुसार हा काळ वेष्टनावर छापलेला असावा लागतो, आणि एखाद्या औषधासाठी तो निश्चित झालेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे असतात. मंडळीवर (गावच्या सहकारी दूध संस्थेत) दूध भरताना हे दिवस कोणी विचारत नाही म्हणून ते मोजायचे नाहीत, असे होत नाही.

इजा झालेल्या गाईच्या दुधातून आपल्या डीएनएला इजा होते का?

गाईच्या पेशीतील तुटलेला डीएनए दुधातून आपल्याकडे येऊन काही करत नाही. तो अन्नाबरोबर पचतो. भीती असते ती दुधात किंवा मांसात उरलेल्या औषधाची. नायट्रोफ्युरानचे अवशेष मांसात प्रथिनांना बांधलेले कित्येक आठवडे राहतात आणि शिजवल्यानेही पूर्ण जात नाहीत. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने क्लोरॅम्फेनिकॉलसाठी सुरक्षित दैनंदिन मात्रा ठरवलेली नाही, कारण अशा पदार्थाची निर्धोक पातळी सांगता येत नाही. म्हणूनच बंदी असलेले औषध कुठून तरी मिळवून त्याला आवळ्याची जोड देण्याच्या कल्पनेला काही अर्थ नाही.

बैलाच्या शिंगाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना काय काळजी घ्यावी?

कांकरेज बैलांत, विशेषतः खच्ची केलेल्या बैलांत, हा कर्करोग गुजरातेत नेहमी आढळतो. शिंग एका बाजूला झुकते, डोके सतत हलवले जाते, नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंग काढण्याच्या शस्त्रक्रियेबरोबर विन्क्रिस्टीन शिरेतून दिले जाते. या काळात बैलाच्या निरोगी पेशींनाही इजा होते हे खरे, पण अँटिऑक्सिडंटचा भडिमार करू नये. त्याने कर्करोगाच्या पेशींनाही आधार मिळू शकतो. चांगला चारा, स्वच्छ पाणी आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी पुरेशी.

इथे बैलापेक्षा माणसाचा विचार जास्त करावा लागतो. इंजेक्शन देताना हातमोजे हवेत, औषध शिरेबाहेर गेल्यास ऊती कुजतात म्हणून घाई नको, आणि पुढील काही दिवस त्या बैलाचे शेण-मूत्र हातमोज्यांनीच उचलून वेगळे टाकावे. त्याच्या गोवऱ्या थापू नयेत, आणि गरोदर स्त्रीकडे हे काम मुळीच देऊ नये. घरात सून आणि सासूबाई गोठा पाहतात आणि डॉक्टर बोलतात ते बैठकीतल्या पुरुषाशी, ही रीत इथे धोक्याची ठरते.

वळूला औषध दिल्यावर रेतन किती दिवस टाळावे?

वळूत शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि त्यानंतर अधिवृषणातून बाहेर यायला आणखी आठ ते अकरा दिवस. परिपक्व शुक्राणूला स्वतःचा डीएनए जवळजवळ दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे पेशीविभाजनावर परिणाम करणारे औषध दिले असल्यास सुमारे अडीच महिने वीर्य न वापरणे शहाणपणाचे. जीवनसत्त्व ई आणि सेलेनियमची उणीव असलेल्या वळूत ती भरून काढल्यास वीर्याची प्रत सुधारते. उणीव नसलेल्या वळूकडून चमत्काराची अपेक्षा नसावी.

औषधांपेक्षा पेंडेचीच भीती जास्त नाही का?

बऱ्याच गोठ्यांत तसेच आहे. ओल धरलेल्या शेंगदाणा पेंडेत आणि सरकी पेंडेत अफ्लाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचे विष तयार होते, आणि गुणसूत्रांना इजा करणाऱ्या ज्ञात पदार्थांत त्याचा क्रमांक फार वर आहे. यकृतात त्याचे इपॉक्साइड बनते आणि ते ग्वानिनला घट्ट चिकटते. गाय त्याचा काही भाग एम-१ रूपात दुधातून टाकते. भारतात दुधातील त्याची मर्यादा प्रति किलो ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात तिचा दहावा भाग. चांगली गोष्ट म्हणजे दूषित पेंड थांबवल्यावर थोड्याच दिवसांत दूध निवळते. पावसाळ्यात पेंडेची पोती भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नयेत, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. पेंड फोडल्यावर आत हिरवट-पिवळी भुकटी किंवा कुबट वास आला तर ती जनावराला घालू नये, कोंबड्यांनाही नाही. बेन्टोनाइटसारखी माती खाद्यात मिसळल्यास विष पोटातच बांधले जाते, आणि या बाबतीत तिचा उपयोग कोणत्याही वनौषधीपेक्षा खात्रीचा आहे.

पिशवीवर “डीएनए संरक्षण” असे लिहिलेले असते. विश्वास ठेवावा का?

पिशवी उलटी करून मागची बाजू वाचावी. जीवनसत्त्व ई किती एकके, सेलेनियम किती मिलिग्रॅम आणि कोणत्या रूपात, रोजची मात्रा किती ग्रॅम, उत्पादनाची व मुदतीची तारीख, हे नसेल आणि नुसती बारा वनस्पतींची नावे असतील तर ते उत्पादन घेऊ नये. प्रयोग केल्याचा दावा असेल तर विक्रेत्याला एवढेच विचारावे की तो कोणत्या जनावरात केला आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का. उत्तर उंदरावर येऊन थांबले, तर गाईसाठी पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

औषधच कमी लागावे यासाठी काही करता येते का?

येते, आणि इजेपासून बचावाचा हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. गोठ्यात प्रतिजैविकांचा सर्वाधिक वापर कासदाहासाठी होतो. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसृत केलेल्या पारंपरिक उपचारात २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि सुमारे १५ ग्रॅम खाण्याचा चुना वाटून तो लेप, कास धुऊन आणि दूध पूर्ण काढून, दिवसातून अनेकदा लावतात. सुरुवातीच्या, सौम्य कासदाहात तो करून पाहण्याजोगा आहे. हळदीचे इथे काम होते, कारण ती थेट जागेवर लागते. जनावराला ताप असेल, ते चारा सोडत असेल किंवा दुधात रक्त असेल तर मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे. दूध काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवणे, जनावराला अर्धा तास उभे ठेवणे आणि गोचिडांचा वेळीच बंदोबस्त करणे, यांनी वर्षभरातील कितीतरी इंजेक्शने वाचतात.

माझ्या गाईचे रक्त तपासून तिला इजा झाली आहे का ते सांगता येईल का?

एकट्या गाईबाबत उपयोगी असे उत्तर देता येत नाही. कॉमेट आणि सूक्ष्मकेंद्रक या चाचण्या गटांची तुलना करण्यासाठी आहेत. वय, जात, उष्णता, वेत आणि चारा यांनी आकडे इतके बदलतात की एका गाईचा एक आकडा कशाशीही जोडता येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना असा अभ्यास करायचा असेल तर त्याच गाईंचे रक्त औषधाआधी, औषधानंतर आणि काही आठवड्यांनी असे तीनदा घ्यावे, आणि पूरक आहार न दिलेला गट त्याच गोठ्यातला, त्याच चाऱ्यावरचा ठेवावा. रक्त हेपारिनच्या (रक्त साखळू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेऊन, उन्हापासून झाकून, थंड पण न गोठवता त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावे. दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत आलेल्या नमुन्यातील शेपट्या औषधाने आल्या की प्रवासाने, हे कोणालाच सांगता येणार नाही.